प्रति: आधी आपसात खेळा, मग मोठ्यांशी
वर म्हटलंय की सान मारिनोसारख्या, नोकरीधंदा सांभाळून फुटबॉल खेळणाऱ्यांच्या संघाला जर्मनी-इंग्लंडसमोर उभं करण्यात कुणाचाच फायदा नाही, त्यांनी आधी आपसात खेळून वर यावं. पहिलं म्हणणं मला पटत नाही. १९९३ मध्ये सान मारिनोच्या दाविदे ग्वाल्तिएरीने इंग्लंडविरुद्ध नऊ सेकंद व्हायच्या आत गोल मारला (शेवटी ७-१ ने हरले, ते सोडा). ३०-३५ हजार वस्तीच्या देशाला असा क्षण दुसरीकडे कुठे मिळणार?

आपसात खेळायची सोय मात्र २०१८ पासून आहेच, नेशन्स लीगमध्ये (युरोपातल्या देशांची स्पर्धा, ताकदीनुसार श्रेणी पाडलेली), आणि तिचा परिणामही दिसलाय. २००४ मध्ये लिख्टेनस्टाइनला १-० ने हरवल्यावर सान मारिनोला पुढचा विजय थेट सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाला. मधले १४० सामने कोरडे! मग त्याच वर्षी नोव्हेंबरात लिख्टेनस्टाइनच्या राजधानीत, वाडुझला जाऊन, आधी एक गोल खाऊन, ३-१ ने जिंकले. परदेशातला त्यांचा पहिलाच विजय. गटात पहिले आले आणि तळाच्या ड श्रेणीतून क मध्ये गेले. तिन्ही विजय लिख्टेनस्टाइनवरच, त्यामुळे खरी कीव करायची तर त्यांची करा.