मदत हवी आहे : विंडोज 'अ‍ॅक्टिव्हेटेड' दिसतंय, पण लायसन्स नक्की कुठलं?

धागाकर्ता :
नमस्कार मंडळी. एक सेकंडहँड ब्रँडेड डेस्कटॉप घेतलाय. सेटिंग्जमध्ये विंडोज ११ प्रो अ‍ॅक्टिव्हेटेड आहे असं दिसतं. मदरबोर्ड बदलायचा विचार आहे, म्हणून लायसन्सबद्दल वाचायला बसलो आणि ओईएम (मशीनसोबतच आलेलं), रिटेल (सुटं विकत घेतलेलं), व्हॉल्यूम (संस्थांना घाऊक दिलेलं) यांत पार गुरफटलो. विकणाऱ्याला विचारलं तर "ओरिजिनल आहे हो, चिंता नको" एवढंच.

कमांड प्रॉम्प्टमध्ये लायसन्सची माहिती दाखवणारी 'एसएलएमजीआर /डीएलआय' ही कमांड टाकून पाहिली. 'व्हॉल्यूम केएमएस क्लायंट चॅनल' असं आलं आणि खाली मुदत : अडीच लाखांच्या आसपास मिनिटं. मिनिटं?

शिवाय घरात बंद पडलेला लॅपटॉप आहे, त्यावर विंडोज ७ ची प्रॉडक्ट की (अ‍ॅक्टिव्हेट करायचा कोड) छापलेलं स्टिकर आहे. ती की इथे चालेल का?

रात्रपाळी :
२,५९,२०० मिनिटं म्हणजे १८० दिवस. केएमएस, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून होणारं अ‍ॅक्टिव्हेशन, तेवढंच टिकतं. मशीन दर ७ दिवसांनी ऑफिसातल्या केएमएस सर्व्हरला गाठून मुदत पुन्हा पूर्ण करून घेतं. किमान २५ मशीन्स असल्याशिवाय तो सर्व्हर क्लायंट विंडोजला दादच देत नाही. म्हणजे घरातल्या एकट्या डेस्कटॉपवर हे दिसतंय, तर एक तर हा गडी कुठल्यातरी ऑफिसातून तसाच बाहेर आलाय, नाहीतर कोणीतरी नकली सर्व्हरचं टूल चालवलंय. दुसरं असेल तर आधी डिस्क पुसा. असल्या टूलसाठी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, बाकी काय काय आत शिरलं असेल ते देव जाणे.

दोन्ही प्रकारांत लायसन्स तुमचं नाही. व्हॉल्यूम करार संस्थेच्या नावे असतो, डबा विकला म्हणून तो सोबत जात नाही. 'अ‍ॅक्टिव्हेटेड' याचा अर्थ एवढाच की तांत्रिक तपासणी पार पडली. वापरायचा हक्क आहे की नाही, हे ती पाटी सांगत नाही.

कीबोर्डी :
घाबरू नका, खाली दुसरं लायसन्स दडलेलं असू शकतं. डेस्कटॉप विंडोजचं व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेड असतं, मूळ लायसन्स आधी असावंच लागतं. विंडोज ८ पासून कंपन्या ओईएम की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून ठेवतात. इन्स्टॉलर ती आपोआप उचलतो. पॉवरशेलमधून (विंडोजमधलं कमांड द्यायचं साधन) वाचताही येते.

मात्र ओईएम त्या मदरबोर्डशी बांधलेलं. बोर्ड बिघडला आणि कंपनीने बदलून दिला तर चालतं, हौसेने बदललात तर लायसन्स जुन्या बोर्डाबरोबर गेलं. रिटेल तेवढं दुसऱ्या मशीनवर नेता येतं, आधी पहिल्यावरून काढून. ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून ठेवा, हार्डवेअर बदलल्यावर ट्रबलशूटरमधून परत मिळवता येतं. 'डिजिटल लायसन्स' हा वेगळा प्रकार नाही. कीऐवजी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंद, एवढंच. मूळ ओईएम असेल तर ते ओईएमच.

स्टिकरवरची की विसरा. तीही ओईएम, लॅपटॉपपुरती. शिवाय विंडोज ७ आणि ८ च्या कीज वापरून नवीन विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करायची वाट २०२३ मध्ये बंद झाली.

पेंग्विनप्रेमी :
लिनक्स टाका की! त्याचा कर्नल (प्रणालीचा गाभा) जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या आवृत्ती २ खाली आहे, कितीही मशीन्सवर चालवा.

रात्रपाळी :
आलेच! पण पूर्ण सांगा ना. जीपीएलच्या अटी प्रामुख्याने वाटपाच्या वेळी लागू होतात : सॉफ्टवेअर पुढे दिलंत तर सोर्स कोडही द्यायचा. नुसतं वापरणाऱ्याला त्याची झळ नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीच्या लायसन्समध्ये तर तीही सक्ती नाही, कॉपीराइटची सूचना ठेवली की झालं. आणि रेड हॅटसारख्या लिनक्स कंपन्या पैसे घेतात ते सपोर्ट आणि अपडेट्सच्या सबस्क्रिप्शनचे. धागाकर्त्याला मॅकओएस सुचवू नका म्हणजे मिळवली, त्याचा करार अ‍ॅपलच्याच मशीन्सपुरता आहे.

धागाकर्ता :
आभार. फर्मवेअरमध्ये की निघाली, पण होम एडिशनची! प्रोमधलं मी तसंही काही वापरत नाही. डिस्क पुसून होम टाकतो, मदरबोर्ड राहू दे. रॅम आणि एसएसडी बदलली तर चालेल ना?

कीबोर्डी :
खुशाल. की बोर्डावर आहे, डिस्कवर नाही. फक्त इन्स्टॉल करताना एडिशन विचारलं तर होमच निवडा.