मदत हवी आहे: अॅम्बेसेडर मार्क ३ मध्ये इसुझूचा पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवल्यानंतर गिअरचा दांडा सीटला अडतो

माझ्याकडे १९७७ ची अॅम्बेसेडर मार्क ३ आहे. मूळ १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन आणि स्टिअरिंगखालच्या दांड्याने चालणारा चार गिअरचा गिअरबॉक्स काढून त्या जागी भंगारात निघालेल्या, अॅम्बेसेडरच्याच १८०० आयएसझेड या नंतरच्या मॉडेलच्या गाडीचे १८१७ सीसीचे इसुझू इंजिन त्याच्याच पाच गिअरच्या गिअरबॉक्ससह बसवले आहे. इंजिन बदलाची नोंद आरसी बुकात रीतसर झालेली आहे, त्यामुळे चर्चा त्या बाजूला जाऊ नये अशी विनंती. इंजिन, क्लच आणि प्रोपेलर शाफ्ट यांचे काम समाधानकारक झाले असून प्रश्न उरला आहे तो फक्त गिअरच्या दांड्याचा.

या गिअरबॉक्सचा दांडा जमिनीतून वर येतो. कारखान्यातून इसुझू इंजिनासह आलेल्या गाड्यांमध्ये पुढे दोन स्वतंत्र सीटा आणि त्यांच्यामधून दांडा अशी मांडणी असल्यामुळे तेथे ही अडचण उद्भवत नाही. माझ्या गाडीत मात्र पुढची सीट मूळची, सलग बाकासारखी आहे, आणि दांडा नेमका तिच्या पुढच्या कडेला लागून वर येतो. न्यूट्रलमध्ये आणि पुढे ढकलायच्या गिअरमध्ये त्रास नाही. परंतु दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे मागे ओढायचे गिअर टाकताना दांडा गादीत रुततो. दुसरा गिअर पूर्ण बसण्याआधीच गादी त्याला पुढे रेटते आणि चढावर पाय सोडताच गिअर निसटतो. सीट मागे सरकवली तर माझे पाय क्लचपर्यंत नीट पोहोचत नाहीत. सीट मध्ये कापून दोन भाग करावेत हा सल्ला मला अनेकांनी दिला आहे. तो मला मान्य नाही, कारण या गाडीत आता मूळ स्वरूपात जे थोडे उरले आहे त्यात ही सीट महत्त्वाची आहे.

म्हणून दांडा पुढच्या बाजूला वाकवून घेण्याचा विचार आहे. मापे अशी: दांड्याच्या गोळ्यापासून, म्हणजे तो ज्या बिंदूभोवती फिरतो तेथपासून, मुठीची उंची ३२० मिमी आहे. मूठ सुमारे १४० मिमी पुढे नेली तर दांडा सीटपासून आणि डॅशबोर्डच्या खालच्या कडेपासून दोन्हीकडे मोकळा राहतो. न्यूट्रलपासून प्रत्येक दिशेला मुठीचा प्रवास साधारण ५५ मिमी आहे.

उद्यमनगरातील एका अनुभवी मिस्त्रींचे म्हणणे असे की, दांडा वाकवल्यामुळे त्याची एकूण लांबी वाढेल आणि गिअर हलका पडेल. मला हे पटत नाही. मूठ आडव्या दिशेने ढकलताना लागणारा जोर गोळ्यापासूनच्या उभ्या उंचीवर ठरतो, दांड्याच्या वळणावळणाने मोजलेल्या लांबीवर नाही. उंची ३२० मिमीच ठेवली तर जोरही तेवढाच लागेल आणि मुठीचा पुढेमागे होणारा प्रवासही ५५ मिमीच राहील. बदलेल ते वेगळेच. मूठ गोळ्याच्या सरळ वर नसल्यामुळे ती पुढे जाताना खाली उतरेल आणि मागे येताना वर चढेल. ५५ गुणिले १४० भागिले ३२० असा हिशेब केला तर प्रत्येक दिशेला सुमारे २४ मिमी, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमधील मुठीच्या उंचीत जवळपास पाच सेंटिमीटरचा फरक पडतो. असा दांडा प्रत्यक्षात वापरणाऱ्यांनी सांगावे की, हे हाताला खटकते का, की थोड्या दिवसांत अंगवळणी पडते.

याहून मोठी काळजी पिळाची आहे. मूठ १४० मिमी पुढे असताना पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या ओळीत जाण्यासाठी ती डावीकडे ढकलली की दांडा स्वतःभोवती फिरू पाहतो. हा पीळ शेवटी गोळ्याजवळच्या लहानशा पिनेवर येतो, आणि सरळ दांड्यात या पिनेला फारसे काम नसते. शिवाय दांडा कापून वरचा भाग साध्या उजव्या आट्यांनी जोडला तर डावीकडचा प्रत्येक धक्का तो जोड सैल करण्याच्याच दिशेने जाईल. नुसता चेकनट, म्हणजे जोड सैल होऊ नये म्हणून आवळलेला दुसरा नट, येथे पुरेसा वाटत नाही. माझा कल असा आहे की, दांडा गिअरबॉक्समधून पूर्ण बाहेर काढावा, गोळ्याच्या बराच वर कापावा, दोन्ही तुकड्यांना लहान चौकोनी पट्ट्या वेल्ड कराव्यात आणि त्या दोन बोल्टांनी एकमेकींवर घट्ट आवळाव्यात. म्हणजे पीळही अडेल आणि पुढेमागे कोन थोडा बदलून पाहण्याची सोयही राहील. दांडा जागेवर ठेवून वेल्डिंग करण्याचा प्रस्ताव मी नाकारला आहे. उष्णतेने गोळ्याखालचे नायलॉनचे भांडे वितळेल आणि कापताना पडलेला लोखंडाचा चुरा थेट गिअरतेलात जाईल.

वळण नेमके कोठून सुरू करावे, याविषयी मात्र माझे मत ठरत नाही. जमिनीलगत, रबरी बुटाच्या (दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी आवरणाच्या) आतच वळण दिले तर दांडा दिसायला सुबक होतो, परंतु पत्र्यातील भोक पुढच्या बाजूला वाढवावे लागते, आणि तेथून इंजिनाची उष्णता, आवाज व धूर आत येण्याची वाट मोठी होते. बुटाच्या वर वळण दिले तर पत्र्याला हात लावावा लागत नाही. पण खालचा सरळ भाग गादीच्या इतका जवळ राहतो की चौथ्या गिअरमध्ये जेमतेम बोटभर फट उरते. दोन वळणे देऊन इंग्रजी झेड अक्षरासारखा आकार करावा, की एकाच लांब वळणाने काम भागवावे?

दुसरा मार्ग म्हणजे मूळ गोळा तसाच ठेवून पुढे एक नवा टेकू उभारायचा आणि दोन्हींना सळईने जोडायचे. त्यात मूठ सरळ राहील आणि वर सांगितलेला चढउतार टळेल. मात्र तो टेकू गाडीच्या पत्र्यावर न बसवता गिअरबॉक्सच्याच अंगावर बसवावा लागेल, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या माउंटवर एकत्र हलतात. टेकू पत्र्याला असला तर ॲक्सिलरेटर दाबताच सळई ओढली जाऊन गिअर निसटण्याचा धोका आहे. शिवाय प्रत्येक सांध्याची झीज मुठीपर्यंत पोहोचते, आणि पाच गिअर व रिव्हर्स अशा ओळी जवळजवळ असताना चुकीची ओळ लागण्याची भीती वाढते. त्यामुळे हा मार्ग मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला आहे. स्टिअरिंगखालचा मूळ दांडाच सळया आणि केबल लावून नव्या गिअरबॉक्सला जोडावा, असेही एकाने सुचवले. कल्पना मोहक आहे, पण ती जुनी यंत्रणा चार गिअर आणि रिव्हर्स यांच्यासाठीच बनलेली आहे, पाचव्या गिअरला तीत जागा नाही.

मूळ दांडा आणि त्याचा गोळा मी जपून ठेवणार असून कापण्यासाठी दुसऱ्या भंगारातील इसुझू गिअरबॉक्सचा दांडा मिळवला आहे. तो साध्या पोलादाचा दिसतो, कानशीने सहज घासला जातो. अशा दांड्याला गॅसने तापवून वाकवल्यावर तो हवेतच थंड होऊ द्यावा, हे बरोबर आहे ना? वेल्ड केलेल्या पट्ट्यांची जाडी ६ मिमी पुरेल की ८ मिमी घ्यावी? आणि कोल्हापूर, सांगली किंवा पुणे परिसरात असे काम मापाप्रमाणे, घाई न करता करून देणारा टर्नर किंवा फॅब्रिकेटर कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपाने कळवावे.