वाघरू (बिबट्या) येऊन गेलं! तुमच्याकडचे अनुभव लिहा

उसातली_माहेरवाशीण
परवा रात्री साडेदहाला आईचा फोन. गावाकडे एवढ्या उशिरा कुणी जागं नसतं त्यामुळे माझ्या पोटात गोळाच आला. म्हणे "वाघ्याला नेलं गं." वाघ्या म्हणजे आमचा कुत्रा. वाघ्याला वाघरानं नेलं, काय म्हणायचं आता. ओट्यावर बसला होता, एकदाच केकाटला, आई बॅटरी घेऊन बाहेर येईपर्यंत नुसता पट्टा पडलेला. सहा वर्षांत हा चौथा.

माहेर जुन्नर तालुक्यात, घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. 2002 च्या आसपास मी पाचवी-सहावीत असेन, तेव्हा आमच्या भागात माणसांवर हल्ले फार वाढलेले. शाळा सुटली की गुरुजी सगळ्यांना घोळक्याने रस्त्यापर्यंत सोडायचे. रात्री लघवीला जायचं तर वरातच निघायची, पुढे आजोबा काठी आपटत, मधे मी, मागे आई कंदील घेऊन. आता हसू येतं, तेव्हा नाही यायचं. आजोबा सांगायचे त्यांच्या तरुणपणी हे जनावर वर घाटातच असायचं, कुकडीच्या कालव्याचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून हे. खरंच आहे ते, वर्षभर उभ्या उसात कोण जातंय, पाटाचं पाणी आहे, खायला कुत्री डुकरं आहेत, पिल्लं तिथंच होतात आणि तिथंच मोठी होतात.

आई एकटी असते तिथे. पुण्याला चल म्हटलं की गाईंचं कोण बघणार. दोन दिवस झोप नाही म्हणून लिहितेय. तुमच्याकडचं सांगा.

घोडनदीकाठचा
ताई आईंना सांगा अंधार पडला की ओटा बंद. आमच्याकडं खरा घोळ लाईटचा आहे. थ्री फेज, म्हणजे शेतातल्या मोटरची लाईट, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, रात्रीच्या आठवड्यात दीड वाजता मोटर चालू करायला जायचं दोन्हीकडून ऊस अन मधून वीतभर बांध. मी अन चुलतभाऊ जोडीनंच जातो, एकाच्या हातात बॅटरी, दुसऱ्याच्या खिशात मोबाईलवर भजन फुल आवाजात. माणसाची चाहूल लागली की ते बाजूला होतं हा अनुभव आहे. खाली वाकायचं मात्र नाय, दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, वाकलेला माणूस त्याला जनावरच वाटतो. एकदा माझ्या पुढून दहा फुटावरून गेलं, शांत, घाई नाही काही नाही, जसं काय बांध त्याच्याच नावावर आहे. मी तासभर मोटरच्या पेटीला टेकून उभा. भाऊ म्हणतो तू रडत होतास, मी म्हणतो घाम होता.

पाचवा_मजला
घाम होता 😂😂

आंबा_फणस_काजू
आमच्याकडे राजापूरला वाघ विहिरीत पडला होता. (कोकणात बिबळ्याला वाघच म्हणतात, पट्टेवाल्याला ढाण्या, उगाच दुरुस्ती करायला येऊ नका.) कुत्र्याच्या मागे धावला आणि कठडा नसलेल्या विहिरीत धप्प. सकाळी काकू पाणी काढायला गेली तर खालून गुरगुर. तासाभरात अख्खी वाडी विहिरीवर, एकाने वरून फळी सोडली त्याला टेकायला, तो बिचारा फळीवर बसून वर बघतोय आणि वर दोनशे माणसं मोबाईल धरून. फॉरेस्टवाले आले, पिंजरा दोरांनी खाली सोडला, मुकाट्याने आत शिरला. सगळे टाळ्या वाजवतायत आणि आमची आजी एकटी संतापलेली, "मेल्याला पडायला हीच विहीर मिळाली, आता हे पाणी कोण पिणार?" पंप लावून दोन दिवस विहीर उपसली तेव्हा कुठे तिने त्या पाण्याचा चहा घेतला.

नारळवाली
वाघ परवडला हो पण वांदर नको. या वर्षी एक शहाळं हाताला लागलं नाही.

आंबा_फणस_काजू
नारळवाली, अगदी!! आमच्याकडे तर कौलं काढून आत येतात. तुमचं गाव कुठलं?

नारळवाली
गुहागर. फटाके लावून बघितले, आता फटाक्यांना पण घाबरत नाहीत, उलट बघायला येतात.

गोठेवाला
वांदरांचा वेगळा धागा काढा की. कामाचं सांगतो. शेळी, कालवड मारली तर ती जागची हलवू नका, फोटो काढा आणि लगेच वनखात्याला कळवा, 1926 नंबर आहे. पंचनामा झाल्याशिवाय पुरली तर पैसे विसरा. मला 2023 ला शेळीमागे बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15 हजार यातलं कमी ते, या हिशोबाने मिळाले. गाभण होती, पोटातल्या दोघांचा हिशोब कागदावर बसत नाही. त्या पैशात अजून थोडे घालून गोठ्याला चारी बाजूंनी जाळी मारली. वरून पण मारा, मी वरून मारली नव्हती म्हणून दुसरी शेळी गेली. पाच फुटाची भिंत त्याला म्हणजे आपल्याला उंबरा.

पाचवा_मजला
मला एक कळत नाही, पकडून लांब जंगलात का सोडून देत नाहीत सगळे?

अकोलेकर
दादा ते करून झालंय. 2009 ला पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या काढला, गळ्यात माग काढायची जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. आजोबा नाव ठेवलेलं. तो चालत चालत मुंबईच्या नॅशनल पार्कापर्यंत गेला, 120 किलोमीटरच्या आसपास, वाटेत हायवे, रेल्वे, वसईची खाडी, आणि वाटेत एका माणसाला ओरखडा नाही. पुढं 2011 ला अहमदाबाद हायवेवर गाडीखाली गेला. म्हणजे सोडलेलं जनावर तिथं बसून राहत नाही. आणि एक उचलला की त्याची जागा दुसरा धरतो, तो नवीन, त्याला इथल्या वाटा ठाऊक नसतात, आपल्याला तो ठाऊक नसतो.

आमच्या तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेयांनी कॅमेरे लावून, विष्ठा तपासून अभ्यास केला तेव्हा निघालं की गावाभोवतीच्या शेतातच बिबटे राहतात आणि खाण्यात सगळ्यात जास्त कुत्री. माझ्या आजीला हे सांगितलं तर म्हणे "कॅमेरा कशाला लागतो, मला विचारायचं."

वाघबारशीला (वसुबारस म्हणता ना तुम्ही तोच दिवस) आमच्याकडं अजून वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात, गुराखी पोरं तिथंच खीर शिजवतात. मी लहानपणी एकदा वाघाचं सोंग घेतलं होतं, सगळ्या पोरांनी मला शिवारातून हाकलायचं अशी रीत, एकानं खरंच ढेकूळ मारलं, भुवईवर खूण अजून आहे.

मोहफूल
तुमचं बिबट तरी बरं बापा. आमच्या ब्रह्मपुरीकडे पट्टेवाला आहे. मार्चात मोहफुलं वेचायला बायका पहाटे अंधारातच जातात, उन्हं चढली की फुलं सुकतात न, आणि दुसरी टोपली आधी पोचली तर आपलं झाड गेलं. वेचणारी बाई खाली बसलेली, वाकलेली. माझी मोठी जाऊ तशीच गेली. पैसे भेटले सरकारकडून. तिची पोरगी आता बारावीला आहे, ती मोहाचा वाससुद्धा घेत नाही. जास्त लिहत नाही.

उसातली_माहेरवाशीण
मोहफूल ताई 🙏 काय बोलू.

घोडनदीकाठचा
🙏

बीडची_लेक
सगळे शेतमालकांचं लिहितायत म्हणून लिहिते. माझे आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायचे, बीडहून दर दिवाळीनंतर तुमच्याच भागात. आमची कोपी फडाच्या (तोडायच्या उसाच्या) कडेला, कोपी म्हणजे बांबू आणि पाचट, दार नाहीच. आई रात्री तिच्या पदराचं टोक माझ्या पायाला बांधून झोपायची. मला वाटायचं मी झोपेत चालते म्हणून बांधते, खरं कारण खूप उशिरा कळलं.
एकदा फड तोडताना पाचटात तीन पिल्लं सापडली, डोळे पण उघडलेले नव्हते. मी मांजराची म्हणून उचलायला गेले तर मुकादम असा ओरडला की अख्खी टोळी थांबली. वनखात्याच्या लोकांनी संध्याकाळी त्याच जागी टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली, आम्हाला लांब बसवलं. सकाळी क्रेट रिकामा. आई म्हणाली नेली बाई तिची तिनं, आणि बसली कोयता घासायला.

अकोलेकर
बीडची लेक, अजून लिहा ना. टोळीतलं आणखी काही.

बीडची_लेक
लिहीन, आता कुकर लावलाय.

मेंढरामागं
आमच्यात लांडगा असतो, बिबट्या नंतर आला. आजा म्हणायचा कळपातलं एखादं कोकरू त्याच्या वाट्याचं, मोजायचंच नाही. मी मोजतो. आज्याच्या वेळी कोकराला काय भाव होता अन आज काय आहे.

नारळवाली
मेंढरामागं दादा, लोकरीची घोंगडी मिळते का हो तुमच्याकडे अजून? खरी, मशीनची नको.

मेंढरामागं
मिळते. मेसेज करा.

उसातली_माहेरवाशीण
सगळ्यांचं वाचलं, आईला पण वाचून दाखवलं फोनवर. मोटरच्या पेटीला टेकून वाला किस्सा तिला फार आवडला, म्हणाली घामच असणार, पोराला बोलू नका काही. ओट्याला जाळी मारायला उद्या माणूस येतोय, वरूनही मारायची असं बजावलंय. शेजारच्यांनी एक पिल्लू आणून दिलंय, नाव मोती ठेवलं, वाघ्या नको म्हणाली. आणि सोमवारपासून लाईट दिवसाची आहे.