शब्दचर्चा : वनजमिनीची 'अदलाबदल', 'विनिमय' की 'वळतीकरण'?

प्रश्न

अमेरिकेतल्या एका व्यवहाराबद्दलचा मजकूर मराठीत आणते आहे. राष्ट्रीय वनाची थोडी जमीन खासगी मालकाला द्यायची आणि त्याच्याकडून वनाला लागून असलेली जमीन घ्यायची, असा तो व्यवहार आहे. तिथल्या १९७६च्या कायद्यात त्यासाठी सार्वजनिक हिताची अट आहे. 'विनिमय' लिहिलं की परकीय चलन डोळ्यांपुढे येतं. 'अदलाबदल' फार बोलीतलं वाटतं. नाशिकच्या सरकारी कागदांत वनजमिनीसाठी 'वळतीकरण' सर्रास दिसतं. ते वापरू का?

प्रतिसाद

'वळतीकरण' नका वापरू, ते म्हणजे वनजमीन दुसऱ्या वापराकडे वळवणं, अर्थच बदलेल. आणि 'अदलाबदल' बोलीतला असला तरी कच्चा नाही, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अदलाबदलीचे दस्त रोज नोंदवले जातात. राज्य सरकारची शेतजमिनीसाठीची सलोखा योजना आठवा. माझा गट तुमच्या ताब्यात, तुमचा माझ्या ताब्यात, असं किमान बारा वर्षं चाललं असेल तर १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी भरून दोघांचे सातबारे सरळ करून मिळतात. म्हणजे दोन मालक, दोघांची संमती आणि दोन्हीकडे मालकी बदलणं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातलं कलम ११८ हेच सांगतं. एका बाजूला नुसता पैसा आला की ती विक्री.

वळतीकरणात यातलं काहीच होत नाही. धरण, रस्ता, वीजवाहिनी यांसाठी वनजमीन हवी असली की १९८०च्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमाच्या कलम २ प्रमाणे केंद्राची आगाऊ मंजुरी लागते. मंजुरी मिळाली तरी बदलतो तो वापर. जमिनीचा कायदेशीर दर्जा 'वन' हाच राहतो आणि मंजुरीच्या अटींत तसं लिहिलेलं असतं. प्रकल्पवाल्याने पर्यायी वनीकरणासाठी वनेतर जमीन दिली, तर ती वन विभागाच्या नावे होऊन वन म्हणून अधिसूचित होते. म्हणून लोक म्हणतात, "फॉरेस्टला तिकडं जमीन दिली ना, फिटलं." पण फिटलेलं नसतं.

मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं, कारण 'अदलाबदल' म्हटलं की दोन्ही गोष्टी तोलामोलाच्या आहेत असं आपण धरून चालतो. पेठ-सुरगाण्याकडचं उभं जंगल म्हणजे मोहाची फुलं, पावसाळ्यातल्या रानभाज्या, जळण, गुरांची चराई. त्याच्या बदल्यात दुसऱ्या तालुक्यात कुंपण घालून रोपं लावली, तर हेक्टरांचा हिशेब जुळेल. मोह वेचायला जाणारी बाई मात्र त्या हिशेबात कुठेच नाही. मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या शेतकऱ्यांची मोठी मागणी वनपट्ट्यांचीच, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर होण्याची होती. ही माणसं कागदावर ना देणारी, ना घेणारी.

प्रतिसाद

अदलाबदलीचा एक फार जुना दस्त आपल्या नाशिकातच आहे. पांडवलेण्यांत तीन नंबरच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीचा लेख आहे. त्याने राज्याच्या १९व्या वर्षी गोवर्धन आहारातलं (आहार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा) सुदसण गाव लेण्याच्या देखभालीसाठी भिक्षूंना दिलं होतं. २२व्या वर्षी त्याऐवजी सामलिपद हे गाव दिलं. त्यासाठी प्राकृतात शब्द आहे 'परिवटके', म्हणजे बदल्यात.

त्याच लेण्यात पुळुमावीचे वडील गौतमीपुत्र यांच्या काळातला आणखी एक लेख आहे, तो तर थेट या चर्चेतला वाटतो. भिक्षूंना आधी दिलेल्या शेताबद्दल २४व्या वर्षी लिहिलंय, "न कसते", आणि गावाबद्दल, "न वसति". शेत कसलं जात नाही, गाव वसत नाही. म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून १०० निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) जमीन दिली. नुसतं क्षेत्र दिल्याने काम भागत नाही, जमीन कसणारी माणसं लागतात, हे राजशासनात नोंदवलेलं आहे. कसणं आणि वसणं ही क्रियापदं आपण आजही तशीच वापरतो.

प्रतिसाद

'सार्वजनिक हित' आणि 'सार्वजनिक प्रयोजन' यांत फरक करायचा का? भूसंपादनाच्या नोटिशीत प्रयोजन असतं.

प्रतिसाद

करायलाच हवा. प्रयोजन म्हणजे जमीन कशासाठी हवी ते : रस्ता, कालवा, शाळा. ते कायद्यातल्या यादीत बसतं की नाही एवढंच पाहायचं असतं. हित तोलावं लागतं, कुणाचं किती साधतं आणि कुणाचं किती जातं. २००६च्या वनहक्क कायद्यात शाळा, अंगणवाडी, दवाखाना अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५पेक्षा जास्त झाडं तुटणार नसतील तर. पण ग्रामसभेची शिफारस हवी. प्रयोजन यादीत आहे, हित ग्रामसभेने सांगायचं.

मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या कोंढव्याची ११.८९ हेक्टर राखीव वनजमीन वन विभागाला परत द्यायला लावली. देशभरात खासगी हातांत गेलेल्या अशा जमिनींबद्दलही सांगितलं की ताबा परत घ्यावा, आणि तसं करणं व्यापक सार्वजनिक हिताचं नसेल तर किंमत वसूल करून वनांच्या विकासाला लावावी. इथे 'प्रयोजन' घालून पाहा, वाक्य उभंच राहणार नाही.

तुमच्या मजकुरात मालकी दोन्हीकडे बदलते, तेव्हा शीर्षकात 'सार्वजनिक हितासाठी वनजमिनीची खासगी जमिनीशी अदलाबदल' लिहा. त्या अमेरिकी कायद्यात दोन्ही जमिनींच्या किमती सारख्या लागतात आणि कमी-जास्त झालं तर तफावत रोखीने भरून काढतात, पण ती रोकड सरकारी जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांवर जाता कामा नये. तिला 'मोबदला' म्हणू नका, आपल्याकडे मोबदला म्हटलं की संपादनाचा पैसा समजतात. 'फरकाची रक्कम' म्हणा, कुणीही समजेल.