फिजिओथेरपीचा पाया घालणाऱ्यांकडून करिअरसाठी नेमकं काय शिकायचं?

इंटर्न_नाशिक

बीपीटीएचची (फिजिओथेरपीची पदवी) इंटर्नशिप संपत आली की जो तो एकच सांगतो, "एखादा सर्टिफिकेट कोर्स करून टाक." मॅकेन्झी, मेटलंड, बोबाथ, पीएनएफ या उपचारपद्धतींची नावं अभ्यासक्रमात दोन-दोन ओळींत येऊन जातात. त्या घडवणाऱ्या माणसांनी आपलं काम कसं उभं केलं, हे कोणी सांगत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या मंडळींच्या कामातलं असं काय आहे, जे नव्या फिजिओला पहिल्या तीन-चार वर्षांत रोजच्या ओपीडीत करता येईल? आणि कोर्स आधी करावा की हात बसल्यावर? "मेहनत करा, वाचत राहा" यापलीकडचं सांगाल तर उपकार होतील.

---

कंबर_ते_पोटरी

मॅकेन्झींपासून सुरुवात करू, कारण त्यांची गोष्ट सगळ्यात जास्त सांगितली जाते आणि अर्धीच सांगितली जाते.

१९५६, न्यूझीलंडमधलं वेलिंग्टन. पायात कळ जाणारा एक पेशंट टेबलावर पालथा झोपला. आधीच्या पेशंटसाठी टेबलाचं डोकं वर उचललेलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. त्यामुळे कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत तो काही मिनिटं पडून राहिला. रॉबिन मॅकेन्झी येऊन बघतात तर पायातली कळ गेलेली. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ही अवस्था अशा पेशंटला चालायलाच नको होती.

गोष्ट इथे थांबवली जाते. त्यांचं कंबरेवरचं मुख्य पुस्तक आलं १९८१ साली. मधली पंचवीस वर्षं ते एकच प्रश्न पेशंटमागून पेशंटला विचारत होते: ही हालचाल पुन्हा पुन्हा केल्यावर दुखणं कुठे सरकतं? पायातलं दुखणं वर सरकत कंबरेत गोळा होणं, म्हणजे सेंट्रलायझेशन, ही खूण त्या प्रश्नातून पक्की झाली. टेबल चुकून उचललेलं राहणं कुठल्याही क्लिनिकमध्ये घडू शकतं. त्यातून पद्धत उभी राहिली ती प्रत्येक वेळी आधी काय होतं आणि नंतर काय झालं, हे तपासण्याच्या शिस्तीतून.

हे उद्याच्या ओपीडीत असं करा. पायात कळ असलेला पेशंट आला की मशीन लावण्याआधी कळ कुठपर्यंत जाते ते त्यालाच बोटाने दाखवायला सांगा आणि शरीराच्या चित्रावर खूण करा. मग दोन-तीन मिनिटं पालथं झोपवा. सोसलं तर तेवढाच वेळ कोपरांवर. मग हात सरळ करत छाती उचलायची, दहा वेळा, कंबरेखालचा भाग सैल सोडून. प्रत्येक टप्प्यानंतर विचारा: कळ खाली गेली, वर आली की तिथेच आहे? उठून दोन पावलं चालल्यावरही तसंच आहे का?

बिघडतं ते तीन ठिकाणी. पेशंट नितंब आवळून धरतो किंवा ओटीपोट टेबलावरून उचलतो, मग कंबर मागे जातच नाही. दुसरं, कंबरेत दुखणं वाढलं म्हणून नवा फिजिओ घाबरून थांबतो. पायातली कळ त्याच वेळी वर येत असेल, तर कंबरेतली ती वाढ बहुतेक वेळा चालते. तिसरी चूक उलटी आणि जास्त वाईट: कळ पोटरीतून तळपायात उतरतेय, तरी "अजून दहा करा" चालू. तिथे लगेच थांबायचं.

लघवी अडणं, जांघेत आणि बसण्याच्या जागेत बधिरपणा, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर व्यायामाचा विचार सोडा आणि पेशंटला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवा.

---

हात_आणि_पकड

वरच्या उत्तराला जोड म्हणून फ्लोरेन्स केंडल यांचं नाव घेतो. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये पती हेन्री केंडल यांच्याबरोबर त्यांनी पोलिओच्या मुलांचे स्नायू एकेक करून तपासले. पहिलं पुस्तक १९४९ साली आलं, पाचवी आवृत्ती २००५ साली, बाई तेव्हा नव्वदीच्या पुढे होत्या. पन्नासहून अधिक वर्षं एकाच मूलभूत कौशल्याला घासत राहणं, हेही करिअर असतं. आपल्याकडे मात्र मॅन्युअल मसल टेस्टिंग (हाताने दाब देऊन स्नायूची ताकद तपासणं) म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलपुरती गोष्ट, असं झालंय.

एकच स्नायू घेऊ, ग्लुटियस मीडियस, खुब्याच्या बाजूचा. पेशंट कुशीवर, तपासायचा पाय वर. खालचा पाय खुब्यात आणि गुडघ्यात वाकवलेला. ओटीपोट किंचित पुढे झुकवून एका हाताने पक्कं धरायचं. वरचा पाय गुडघ्यात सरळ, बाजूला उचललेला, आणि इथेच मेख आहे: तो किंचित मागे आणि किंचित बाहेरच्या बाजूला वळलेला असला पाहिजे. मग घोट्याजवळ हळूहळू दाब द्यायचा, खाली आणि जरासा पुढे.

चूक अशी होते की पाय नकळत पुढे येतो आणि टेन्सर फॅशिया लाटा हा शेजारचा स्नायू काम उचलतो. किंवा ओटीपोट मागे लवंडतं. किंवा पेशंट कंबर आखडून अख्खी बाजू वर खेचतो. तिन्ही वेळा पाय वर दिसतो आणि केसपेपरवर ५/५, म्हणजे पूर्ण ताकद, लिहिलं जातं. तोच पेशंट चालताना एका बाजूला झुकतो, मग महिनाभर गुडघ्याला शेक देणं चालतं. दाब झटक्यात दिला तर उलटं होतं, चांगला स्नायूही तुटल्यासारखा वाटतो आणि ग्रेड उगाच खाली येते.

रोज एक स्नायू, दोन्ही बाजू, निरोगी सहकाऱ्यावर. बरोबर स्थितीत आणि मुद्दाम चुकीच्या स्थितीत, दोन्ही करून बघा. फरक हाताला कळायला लागला की कोर्समध्ये शिकवतात त्याचा अर्थ लागायला लागतो.

---

इंटर्न_नाशिक

दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण आहे. बहुतेक ओपीडीत तासाला सहा-सात पेशंट असतात, आयएफटी (विजेचा सौम्य प्रवाह देणारं मशीन) नाहीतर अल्ट्रासाउंड लावून पुढचा घ्यायचा. पेशंटही "आज कितवी सीटिंग?" एवढंच विचारतो. त्यात हे तपासणं आणि लिहिणं बसवायचं कसं?

---

कंबर_ते_पोटरी

याचं उत्तर जेफ्री मेटलंड यांच्याकडे आहे. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे. मणक्याच्या मोबिलायझेशनवरचं (हाताने सांधे हलवून मोकळे करणं) त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. लोक त्यातल्या चार ग्रेड पाठ करतात: पहिली आणि चौथी लहान झोल्याची, दुसरी आणि तिसरी मोठ्या झोल्याची, पहिल्या दोन अडथळा लागायच्या आत, पुढच्या दोन अडथळ्यात. ते महत्त्वाचं आहेच, पण त्यांनी दिलेलं सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे केसपेपरवरची चांदणी.

पेशंटचं दुखणं हमखास जागं करणारी एक हालचाल शोधायची आणि तिच्यापुढे चांदणी काढायची. उदाहरणार्थ: "उजवीकडे मान वळवणे, ४० अंशांवर खांद्यात कळ." उपचार अर्धा ते एक मिनिट, लगेच तीच हालचाल पुन्हा. ५५ अंश झाले तर तेच पुढे चालू. दोन-तीन वेळा करूनही काही हललं नाही तर ग्रेड, दिशा किंवा सांधा बदलायचा. दुखणं वाढलं आणि तासन्‌तास उतरत नसेल, तर पेशंट इरिटेबल आहे. तिथे पहिल्या-दुसऱ्या ग्रेडच्या पुढे जायचं नाही.

लिहायच्या फक्त चार ओळी: तारीख, चांदणीची हालचाल उपचाराआधी, काय केलं, तीच हालचाल उपचारानंतर. एक मिनिट पुरतं, आणि ते मिनिट आयएफटी चालू असताना मिळतं. महिनाभराने या ओळी वाचल्यात तर कोणत्या पेशंटला मशीनचा काही उपयोग झाला नाही ते तुम्हालाच दिसेल. सीटिंग मोजणाऱ्या पेशंटलाही अंश दाखवा. तो सीटिंग सोडून अंश विचारायला लागतो.

---

न्यूरो_वॉर्ड

न्यूरोत, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या पेशंटकडे, जाणार असाल तर बर्टा बोबाथ यांच्याकडून वेगळाच धडा घ्यावा लागतो, आणि तो जरा अवघड आहे.

बर्लिनमध्ये त्या जिम्नॅस्टिक्स शिकवायच्या. तिथून लंडनला आल्या. १९४३ साली पक्षाघात झालेल्या एका चित्रकारावर काम करताना त्यांच्या लक्षात आलं की हात लावण्याच्या पद्धतीने, शरीराच्या स्थितीने स्नायूंचा ताठरपणा बदलतो. तेव्हा त्या फिजिओथेरपिस्ट नव्हत्या. ती पात्रता त्यांनी १९५० साली मिळवली, वयाच्या चाळिशीनंतर. हातात पद्धत होती, तरी परीक्षेला बसल्या. पुढे स्वतःच्याच सुरुवातीच्या ठराविक स्थितींत धरून ठेवण्याच्या उपचारावर त्यांनी फुली मारली, कारण पेशंट टेबलावर सैल पडायचा आणि उभा राहिला की पुन्हा ताठ. ही गोष्ट मला त्यांच्या पद्धतीहून मोठी वाटते.

नंतर सिडनीच्या जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी १९८२ साली मोटर रीलर्निंगचा (हालचाली पुन्हा शिकण्याचा) कार्यक्रम मांडला आणि भर हात लावण्यावरून काम करून घेण्यावर नेला. आज पक्षाघातात नेमक्या कामाच्या भरपूर सरावाला आधार जास्त आहे. म्हणून माझा स्पष्ट सल्ला: बोबाथचा कोर्स जरूर करा, पण कामाचा सराव आधी शिका.

खुर्चीवरून उठणंच घ्या. पावलं गुडघ्याच्या रेषेपेक्षा साधारण १० सेंटिमीटर मागे, धड खुब्यातून पुढे झुकलेलं, नजर समोर, गुडघे पुढे जातायत, मग उठणं. पावलं पुढे राहिली तर पेशंट कितीही जोर लावो, मागेच पडतो. अशा वेळी नातेवाईक लुळा हात धरून ओढतात आणि खांदा निखळायला लागतो. त्यांना पहिल्याच दिवशी सांगा: हाताला धरून उठवायचं नाही. पेशंटला उठता येत नसेल तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी टाकून उंची वाढवा, जमेल तशी उतरवत न्या.

पेशंट सगळं वजन चांगल्या पायावर घेतो, ते डोळ्यांना पटकन दिसत नाही. वजनाचे दोन साधे काटे प्रत्येक पावलाखाली एक असे ठेवा. ६० किलोच्या माणसाचा एक काटा ४५ आणि दुसरा १५ दाखवत असेल, तर कशावर काम करायचं ते त्यालाच दिसतं. उठबशी मोजा आणि केसपेपरवर आकडा लिहा. "सिट टू स्टँड करून घेतलं" या नोंदीतून पाच झाल्या की पन्नास, काहीच कळत नाही, आणि बहुतेक वेळा त्या पाचच असतात.

---

नोंदणी_आणि_नियम

तंत्राबद्दल वर छान लिहिलंय. संस्था उभ्या करणाऱ्यांबद्दल थोडं.

१८९४ साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर वैद्यकीय नियतकालिकातून टीका झाली. तेव्हा चार जणींनी, लुसी रॉबिन्सन, रोझालिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅनली आणि मार्गारेट पामर, प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची सोसायटी काढली. आजची चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी तीच. त्यांनी आधी नियम केले: डॉक्टरच्या सांगण्याशिवाय उपचार नाही, वैद्यकीय नियतकालिकांखेरीज कुठे जाहिरात नाही, पेशंटला औषध विकायचं नाही. मग परीक्षा. डॉक्टरच्या सांगण्याचा नियम पुढे कामाच्या आड यायला लागला आणि १९७७ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने उपचार ठरवण्याचा अधिकार फिजिओकडे मान्य केला. तो मिळायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली. त्याआधी परीक्षा, नोंदी आणि वागणुकीचे नियम होते.

अमेरिकेत मेरी मॅकमिलन यांनी हेच केलं. पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी त्यांनी तरुणींना शिकवून तयार केलं. १९२१ साली संघटना निघाली, त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या आणि त्याच साली मसाज व व्यायामावरचं त्यांचं पुस्तकही आलं. आपल्याकडे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या पोलिओच्या साथीनंतर केईएममध्ये शिक्षण सुरू झालं, त्याच्या मागे जागतिक आरोग्य संघटना, केंद्र सरकार आणि महापालिका अशा तिघांचा हात होता.

तुमच्यासाठी यातलं कामाचं असं. इंटर्नशिप संपली की महाराष्ट्र राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत नोंदणी आधी, पाटी नंतर. नोंदणी क्रमांक केसपेपरवर आणि पाटीवर छापा. "१० सीटिंगमध्ये हमखास आराम" असं पत्रकात लिहू नका. होम व्हिजिटला जाताना संमती, तपासणी आणि दिलेला व्यायाम, तिन्हींची लेखी नोंद ठेवा. घरी काही बिनसलं तर तुमच्या बाजूने बोलायला तेवढा एकच कागद असतो.

कोर्सबद्दल विचारलंत. पहिलं वर्ष जिथे ऑर्थो, न्यूरो आणि आयसीयू तिन्ही मिळतील अशा रुग्णालयात काढा. चांदणीच्या चार ओळींच्या शंभरेक नोंदी जमल्या की त्या वाचा. अडलेल्या केसेस ज्या प्रकारच्या जास्त, तो कोर्स घ्या. मॅकेन्झीचे ए ते डी असे भाग आणि मग परीक्षा आहे. ए आणि बी मध्ये चार-सहा महिने ठेवा, तेवढ्यात कंबरेचे पेशंट हाताखालून जातात आणि बी ला जाताना प्रश्न घेऊन जाता येतं.

---

इंटर्न_नाशिक

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटची शंका: वय जास्त किंवा पोट मोठं असलेल्या पेशंटला पालथं झोपताच आलं नाही तर वरची तपासणी कशी करायची?

---

कंबर_ते_पोटरी

उभ्याने. स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ करून उभं करा, नितंबाचा वरचा भाग कडेला टेकवून. दोन्ही हात ओट्यावर, गुडघे सरळ, कंबर मागे वाकवून परत यायचं, दहा वेळा. क्लिनिकमध्ये टेबलाची कड चालते. चक्कर येत असेल किंवा तोल जात असेल तर बाजूला उभे राहा, नाहीतर हा प्रकार टाळा. झोपून केल्यापेक्षा यात मागे वाकणं कमी मिळतं, म्हणून पहिल्या दहात काही बदललं नाही तर पेशंट दमला नसल्याची खात्री करून आणखी दोन फेऱ्या द्या आणि मगच "फरक नाही" असं लिहा. कळ कुठे सरकली, ते प्रत्येक फेरीनंतर विचारायचंच.