काठमांडू-१ : तुम्ही काय पाहिलंत?

धागाकर्ती

नेपाळची बातमी आपल्याकडे येते ती सरकार पडल्याची, नाहीतर भूकंपाची. एखाद्या मतदारसंघाचं काय चाललंय हे कुणी विचारत नाही. काठमांडू-१ मध्ये १९९१ साली पदावर असलेले पंतप्रधान पडले, २०२२ मध्ये निकाल १२५ मतांवर आला. तिथे धंदा करणारे, नोकरीला गेलेले, लग्न होऊन गेलेले मराठी लोक आहेत. जे पाहिलं-ऐकलं ते लिहा. प्रचार नको.

गलाईवाला

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याजवळ. वडील ऐंशीच्या दशकात काठमांडूत आले. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून मिळेपर्यंत सोनार दुकानात बसून राहतात आणि बसलेला माणूस राजकारणावर बोलतो, त्यामुळे आमच्याकडे निवडणूक बाराही महिने असते. आम्हाला मत नाही, पण चहा आमचाच.

१९९१ चं वडिलांकडून ऐकलंय. किसुनजी म्हणजे नेपाळी काँग्रेसचे कृष्णप्रसाद भट्टराई. राजाच्या पंचायत राजवटीत वर्षानुवर्षं तुरुंगात काढलेला, लग्न न केलेला माणूस. १९९० च्या लोकशाही आंदोलनानंतर पंतप्रधान झाले, त्यांच्याच काळात नवी राज्यघटना आली, निवडणूकही त्यांनीच घेतली. समोर एमाले या कम्युनिस्ट पक्षाचे मदन भंडारी, काल-परवापर्यंत भूमिगत असलेले. १२ मे ला मतदान झालं. काँग्रेसला देशात २०५ पैकी ११० जागा मिळाल्या आणि स्वतः किसुनजी हजाराच्या आतल्या फरकाने पडले! गिरिजाप्रसाद कोइराला पंतप्रधान झाले. वडील म्हणायचे, त्या आठवड्यात दुकानात येणारा जो तो किसुनजींबद्दल हळहळत होता. मग सूर्यावर, म्हणजे एमालेच्या चिन्हावर, शिक्का मारला कुणी, हे मात्र कुणी सांगेना.

पुढचं अजून चमत्कारिक. १६ मे १९९३ ला चितवनमधल्या दासढुंग्याला मदन भंडारींची जीप त्रिशूली नदीत कोसळली. चालक तेवढा वाचला. अपघात की घातपात, हा वाद आमच्या बाकड्यावर आजही मिटलेला नाही. १९९४ च्या सुरुवातीला पोटनिवडणूक लागली. एमालेने त्यांच्या पत्नी विद्या भंडारींना उभं केलं, काँग्रेसने पुन्हा किसुनजींना. किसुनजी पुन्हा पडले. आपल्याच लोकांनी पाडलं असं त्यांच्या गटाचे लोक उघड बोलायचे. जुलैत काँग्रेसचे ३६ खासदार ऐन मतदानाला गैरहजर राहिले, कोइराला सरकार हरलं आणि मध्यावधी लागली. पोटनिवडणुकीतली चीड त्यामागे नव्हती असं मी तरी मानणार नाही.

विद्या भंडारी २०१५ मध्ये राष्ट्रपती झाल्या, ते सगळ्यांना माहीत असेलच.

सीमारेषा

वाचायला मजा आली, पण एक खडा टाकतो. कामानिमित्त तिथल्या मतदारयाद्या चाळल्या आहेत. २००८ पासून जिल्ह्यात दहा मतदारसंघ आहेत, १९९१ मध्ये इतके नव्हते. शिवाय २०१७ ला देशभरातल्या थेट जागा २४० वरून १६५ वर आल्या आणि सगळ्याच रेषा नव्याने आखल्या गेल्या. किसुनजी पडले तो काठमांडू-१ आणि आजचा अनामनगर, बानेश्वरकडचा काठमांडू-१ यांचा क्रमांक एक आहे, मतदार एक नाहीत. 'इथला मतदार मोठ्यांना पाडतो' वगैरे निष्कर्ष काढण्याआधी नकाशा बघा.

गलाईवाला

मान्य. पण लोक क्रमांकच लक्षात ठेवतात हो, नकाशा नाही.

काठमांडूची सून

माहेर नाशिक. भारताचं नागरिकत्व सोडून नेपाळची अंगीकृत नागरिकता घेतली, त्यामुळे या धाग्यावर मत असलेली बहुधा मी एकटीच.

पहिलं मत ७ डिसेंबर २०१७ ला दिलं. गाड्या बंद, त्यामुळे सगळा बानेश्वर पायी. थंडी मरणाची. तिथे यंत्र नाही, कागदी मतपत्रिका असते आणि स्वस्तिकाचा रबरी शिक्का. मी शिक्का मारून झटकन घडी घालायला गेले तर सासूबाईंनी घरून निघताना बजावलेलं आठवलं: आधी फुंकर मार, नाहीतर ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटेल. पडद्यामागे उभी राहून मतपत्रिकेवर फुंकर मारत बसले. डाव्या अंगठ्याच्या नखावरची शाई बरेच दिवस गेली नाही.

घरात मात्र फूट. सासूबाई रूखवाल्या, म्हणजे झाड चिन्ह असलेल्या काँग्रेसच्या. काँग्रेसचे उमेदवार प्रकाशमान सिंह हे त्यांच्या लेखी 'गणेशमानचा मुलगा', विषय संपला. १९९० मध्ये राजाने पंतप्रधानपद देऊ केलं तेव्हा गणेशमान सिंहांनी ते नाकारून किसुनजींचं नाव पुढे केलं, ही गोष्ट त्या कुणालाही ऐकवतात. १९९१ मध्ये गणेशमानांची बायको आणि हाच मुलगा, दोघंही काठमांडूत हरले होते, हे सांगायला मात्र दिरांना तोंड उघडावं लागतं. दीर तराजूवाले. बीबीसीच्या नेपाळी सेवेतून आलेले रवीन्द्र मिश्र तेव्हा विवेकशील साझा या पक्षाकडून, तराजू चिन्हावर उभे होते. सिंह १०,९३६, मिश्र १०,११८.

२०२२ ला मिश्र राप्रपा म्हणजे राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टीकडून, हलो म्हणजे नांगर चिन्ह घेऊन, राजेशाहीच्या बाजूने. दीर बिथरले. 'माणूस तोच, पण मी याला मत दिलं नव्हतं' म्हणत घंटीकडे, म्हणजे राष्ट्रीय स्वतंत्र पार्टीकडे वळले. निकाल: सिंह ७,१४३ आणि मिश्र ७,०१८. माझा हिशेब सरळ आहे: दोघांचीही मतं आटली, घंटीने दोन्हीकडून खाल्ली, म्हणून फरक १२५ वर आला. याला चुरस म्हणायची की कंटाळा, तुम्हीच ठरवा. जेवणाच्या टेबलावर सासूबाई विजयी आणि दीर मख्ख. भात मी वाढला.

कोथरूडकर

आमच्या सोसायटीचे वॉचमन दाई (नेपाळीत मोठा भाऊ) पश्चिम नेपाळातल्या अछामचे. काठमांडू-१ शी संबंध नाही, तरी लिहितो. २०२२ ला मी विचारलं, मत देणार का? म्हणाले, जाण्यायेण्याचं भाडं कोण देणार? परदेशातल्या नेपाळ्यांना मत देता यावं असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलं, पण दाईंना २०२२ ला पुण्यातून मत देता आलं नाही. पुण्या-मुंबईत असे किती असतील! १२५ मतांचं वाचून तेच डोक्यात आलं.

नवा सभासद

सप्टेंबर २०२५ मध्ये ऑफिसच्या कामाने नवीन बानेश्वरला होतो. ८ तारखेला जेन-झी आंदोलनातली मुलं माइतीघर चौकातून संसदेकडे निघाली, बरीचशी शाळा-कॉलेजच्या गणवेशात. दुपारी गोळीबाराचे आवाज आले. ९ ला संसद जळताना हॉटेलच्या गच्चीवरून पाहिली. आमच्या हॉटेलातल्या पोऱ्याचं पहिलं मत आता असणार आहे. त्याला १९९१ चं विचारलं तर म्हणाला, कोण भट्टराई?

गलाईवाले दादा, एक विचारायचं होतं. ५ मार्च २०२६ च्या मतदानाच्या सुमारास पुन्हा यावं लागेल. सगळं बंद असतं का?

गलाईवाला

मतदानाच्या दिवशी गाड्या बंद, परवानगीच्या तेवढ्या चालतात. दारूही बंद. दुकान आम्ही उघडतच नाही, सोनार आपापल्या गावी मत द्यायला गेलेले असतात, शहर निम्मं रिकामं होतं. सीमा तीन दिवस आधीपासून बंद करतात. रक्सौल-वीरगंजवरून येणार असाल तर त्याआधी या, नाहीतर विमानाने. विमानतळावरून हॉटेलपर्यंतची गाडी आधीच सांगून ठेवा.