मदत हवी आहे: तेरड्याच्या मुळांना गाठी, वाफ्याचं काय करू?

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळ घर आहे, मागे आगर, त्यापलीकडे समुद्र. माती पुळणीची, भुसभुशीत. पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन भाजून काढतंय. दिवाळीआधी अंगण करायचंय, म्हणून पुढचे दोन फुलांचे वाफे मोकळे करायला घेतले. थंडी आमच्याकडे यायची ती डिसेंबरात, तीही पहाटेपुरती. पण अबोली लावायची तर आत्ताच लावून घ्यावी म्हटलं.

दसऱ्याच्या झेंडूचा वाफा तासाभरात साफ झाला, मुळंही स्वच्छ. दुसऱ्यात तेरडा. गौर आम्ही तेरड्याचीच आणतो, म्हणून हा वाफा आई दरवर्षी राखते. यंदा रोपं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी परत उभी राहायची, तीही माती ओली असताना. आता उपटली (बोंडं फटाफट फुटून बी सदऱ्यात गेलं ते वेगळंच) तर मुळांवर गाठीच गाठी! काही मोहरीएवढ्या, काही हरभऱ्याएवढ्या, एकीला लागून एक.

शेजारचे काका म्हणतात, नत्राच्या गाठी आहेत, चांगल्या असतात, तिथेच गाड. दुकानदाराने एक दाणेदार औषध हातात ठेवलं. विहीर वाफ्यापासून पंधरा हातांवर आहे, त्यामुळे ती पुडी अजून फोडलेली नाही.

हा रोग आहे का? याच वाफ्यात अबोली चालेल? आणि कोपऱ्यात सोनटक्क्याचे कांदे आहेत, ते ठेवू की काढू?

उत्तर

काकांचं ऐकू नका. नत्राच्या गाठी येतात त्या चवळी, भुईमुगासारख्या शेंगांच्या पिकांना, आणि त्या नखाने खरवडल्या की सुट्या होतात. तुमच्याकडे मूळच फुगलंय ना? मग सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे मातीतले बारीक जंत. हलक्या रेताड मातीत फार माजतात.

अबोली तिथे अजिबात नको, तिला हे लगेच धरतात. झेंडूचा वाफा स्वच्छ निघाला म्हणता ना? मग याही वाफ्यात झेंडूच दाट लावा, दोन-तीन महिने राहू द्या. त्याआधी माती दोन-तीनदा खालीवर करून उन्हात तापवा आणि निंबोळी पेंड मिसळा. अबोली पहिल्या वाफ्यात. पुडी दुकानदाराला परत.

सोनटक्का आल्याच्या कुळातला, आणि आल्यालाही हे लागतात. कांदे उपटून बघा, मुळं स्वच्छ असतील तेवढेच दुसरीकडे लावा.

उपटलेली मुळं वाळवून न्हाणीच्या चुलीत घाला. खड्ड्यात किंवा माडाच्या आळ्यात टाकू नका, जवळ मिरीवेल असेल तर तोही जाईल.

धागाकर्ता

आभारी आहे. पण घोळ झालाय. दोन टोपल्या काल संध्याकाळीच माडाच्या आळ्यात ओतल्यात, आणि शेजारच्या पोफळीवर मिरी आहे. बॅटरी घेऊन काढायला चाललोय. आई विचारतेय, एवढ्या रात्री आगरात काय ठेवलंय.